मांडवाखालचा खराटा

जुनरेला शर्टाचं वावडं होतं. माझ्या धाकट्या बहिणीनं, रोसवीनं, त्याच्याशी लग्न केलं त्या दिवशी मी शेजारणीला म्हटलं होतं, "बघ, चर्चच्या पायऱ्या उतरला की पहिलं बटण काढतो की नाही." त्यानं बटण काढलं नाही. सबंध शर्टच काढला, खांद्यावर टाकला आणि नवरीला आपल्या ट्रायसिकलमध्ये, मोटरसायकलला जोडलेल्या त्या सवारीच्या टपात, बसवून घेऊन गेला.

तेव्हा त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं. आमच्या गावचा उकाडा असा, की दुपारी गल्लीतली निम्मी पुरुषमंडळी उघडीच असायची. मग नवे महापौर आले आणि रस्त्यावर उघड्या अंगानं दिसेल त्याला दंड लागला. बाकीच्यांनी कुरकुर करत का होईना, अंगावर बनियन चढवलं. जुनरे मात्र ट्रायसिकल धुताना उघडा, नळावर उघडा, माझ्या दुकानासमोरच्या बाकावर तर हमखास उघडा. शिपाई यायचा, पावती फाडायचा, हा ती घेऊन हसायचा.

"मानांग," मला म्हणायचा, कारण बायकोची थोरली बहीण ती त्याचीही मानांग, "आणखी थोड्या जमू देत. मग पावत्यांचाच शर्ट शिवतो."

"शिव शिव. आणि तो घालून तुरुंगात जा," मी म्हणायचे. पण पालथ्या घड्यावर पाणी.

व्हायचं तेच झालं. दंड भरला नाही म्हणून बोलावणं आलं. न्यायाधीशबाईंनी सांगितलं, पैसे नाहीत ना, मग अंगमेहनतीनं फेड. दंड फिटेपर्यंत रोज सकाळी शहराचा रस्ता झाडायचा. एक सकाळ जरी चुकली, तर राहिलेलं सगळं कोठडीत बसून फेडायचं. त्याच्यासारखे आणखी कितीतरी होते. कुणाला मासळीबाजार मिळाला, कुणाला बसस्टँडची गटारं. जुनरेनं मात्र कारकुनापुढं हात जोडून, गोड बोलून आमचीच गल्ली मागून घेतली. उठायचं, दारापुढं झाडायचं आणि परत जाऊन झोपायचं, असा त्याचा बेत. घरी येऊन त्यानं ही अक्कल मला मोठ्या कौतुकानं सांगितली. तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तेव्हा मलाही कळलं नाही. उलट बरं झालं म्हटलं, रोसवीचे दिवस भरत आलेत, नवरा जवळ असलेला बरा.

देखरेखीला मॅम ओफेलिया यायच्या. ठेंगण्या, हातात छत्री, मोटरसायकलवर ड्रायव्हरच्या मागं एका अंगाला बसलेल्या. येऊन काम बघायच्या आणि फोनवर फोटो काढायच्या. अंगात पाठीवर अक्षरं असलेली हिरवी बंडी, हातात खराटा आणि मागं गल्लीच्या नावाची पाटी, एवढं फोटोत आलंच पाहिजे. जुनरे दात काढून उभा राहायचा. झाडायचा मात्र असा, की अर्धा कचरा जागच्या जागी आणि उरलेला माझ्या दुकानाच्या उंबऱ्याशी.

"निदान शहराच्या कृपेनं तुझ्या अंगावर कपडा तरी आला," मी म्हणायचे.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी जुनरेचे वडील, तातय इस्तोय, कॉफीत पाव बुडवताना खुर्चीतच कलंडले. आवाजसुद्धा केला नाही. जन्मभर सुतारकी केली, पण हातोडीशिवाय त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

शवपेटी घरी आली. घर केवढंसं, तर पेटी ठेवल्यावर आत चार खुर्च्या. म्हणून गल्लीवर निळ्या ताडपत्रीचा मांडव घातला. पार माझ्या दुकानापर्यंत टेबलं लागली आणि लोक बसायला येऊ लागले. धाकटा मुलगा नोनितो बोटीवर नोकरीला होता. तो कुठल्याशा बंदरात उतरून, विमान धरून येईपर्यंत पुरायचं नाही, असं ठरलं. तोवर मयताला एकटं सोडायचं नाही. रात्रभर कॉफी, बिस्किटं, कलिंगडाच्या बिया आणि पत्ते. वॉर्डातले पहारेकरी सुद्धा पैसे लावून खेळत होते. अंगात शर्ट होते ना, मग कायद्याला काय हरकत!

रोसवीला मी माझ्याकडे आणून ठेवलं होतं. पोटुशीनं पेटीजवळ जाऊ नये. त्यातून तिची कूस याआधी दोनदा रिकामी झाली होती. एकदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा सातव्या. त्या सातव्या महिन्यातल्या मुलाला तातय इस्तोयनीच खोका करून दिला होता, शाळेच्या दप्तराएवढा. त्या दिवसापासून ही बाई हसायची ती सुद्धा जपून. आता ती माझ्या दुकानाच्या खिडकीत, जाळीमागं बसून समोरचा मांडव बघायची, एक हात सारखा पोटावर.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दुकान उघडलं. मांडवाखाली बियांच्या टरफलांचा नुसता सडा पडला होता. चालताना करकर वाजत होतं. जुनरे रात्रभर जागा होता. डोळे सुजलेले. त्यानं सवयीनं खिळ्यावरची हिरवी बंडी चढवली आणि कोपऱ्यातला हिरांचा खराटा उचलला.

"ठेव तो खाली."

दारात त्याची आई उभी होती. नानाय पासिंग. मूठभर बाई. काळ्या झग्यात तर नुसता झगाच उभा आहे असं वाटावं. पण आवाज असा, की पत्ते वाटणाऱ्याचा हात हवेतच राहिला.

"नानाय, घरात नाही झाडत. रस्ता झाडतोय," जुनरे म्हणाला.

"बाप तुझा इथं निजलाय. मांडव कुणाचा? त्याचा. जिथपर्यंत मांडव, तिथपर्यंत त्याचं घर. पेटी बाहेर पडेस्तोवर ह्या घरात खराटा चालायचा नाही."

"मग मी काय करू? त्या मॅम येतील आता."

"माझ्या मावशीकडं अस्संच झालं होतं," नानाय त्याचं न ऐकता म्हणाली. "लोक यायचेत, टरफलं पडलीत म्हणून सुनेनं झाडून घेतलं. नवव्या दिवसाची प्रार्थना व्हायची होती, त्याच्या आत तिचं पाळण्यातलं पोर गार पडलं. मेलेला माणूस मागं दार उघडं टाकून जातो, जुनरे. तू झाडलंस की त्याच्या मागं कुणाला तरी बाहेर लोटतोस. आणि खराट्यापुढं काय आधी जातं? जे सगळ्यात हलकं, ते."

हे बोलताना तिनं रोसवीकडं बघितलंही नाही. बघायची गरजच नव्हती. मांडवातली सगळी माणसं माझ्या खिडकीकडं बघत होती. जाळीमागं रोसवीचा दुसरा हातही पोटावर गेला होता.

जुनरेच्या हातून खराटा गळून पडला.

आता माझं सांगते. मी या गोष्टी मानत नाही. निदान दिवसाउजेडी तरी मानत नाही. माझी आई गेली तेव्हा आम्हीही झाडलं नव्हतं, पण ते आपलं सगळे करतात म्हणून. शिवाय मला समोर दुसरंच दिसत होतं. हा झाडणार नाही, मग याला उचलून नेणार, मग बापाच्या पेटीला खांदा द्यायला हा नाही आणि बायको बाळंत होईल तेव्हाही हा गजाआड. राग आला मला. रोसवीच्या सासूबाईंचा आला, महापौरांचा आला आणि या गाढवाचा तर फारच आला, ज्याला साधा एक शर्ट घालून बसता आलं नाही.

"बरं, तू नको झाडू," मी म्हटलं. "आण इकडं. मी झाडते. मी काही तुमच्या रक्ताची नाही."

"तू तिची बहीण," नानाय खिडकीकडं हनुवटी करत म्हणाली. "दोघी एकाच पोटच्या. तू झाडलंस तर सरळ तिलाच लागेल."

मानत नाही म्हणाले खरी, पण खराट्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

गल्लीतल्या दुसऱ्यांना विचारावं, तर जो तो बशीत बघायला लागला. सगळ्यांनी रात्रभर त्या मांडवातली कॉफी प्यालेली, म्हणजे तेही त्या घरचेच झाले. सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी हलकं होतंच.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

मॅम ओफेलिया मांडवाच्या तोंडाशी उतरल्या. छत्री मिटली. आत जाऊन पेटीपाशी उभ्या राहिल्या, छातीवर क्रूस केला आणि नानायच्या हातात मयताच्या खर्चासाठी पैशाचं पाकीट ठेवलं. रीत सोडली नाही बाईनं. मग बाहेर येऊन टरफलांकडं बघितलं आणि खाली पडलेल्या खराट्याकडंही.

"मॅम," मी पुढं झाले, "मयत आहे घरात. नोनितो आला की पुरायचं. तेवढे दिवस सोडा. नंतर हा दुप्पट झाडेल. मी झाडायला लावीन."

"तुमच्या वडलांसाठी वाईट वाटतं मला," त्या जुनरेला म्हणाल्या. "पेटी मी डोळ्यांनी बघितली, म्हणून निदान विश्वास तरी बसतो. या महिन्यात एकानं सुट्टीसाठी आपल्या आजीला तीनदा मारलं. तिसऱ्या वेळी आजीच ऑफिसात डबा घेऊन आली."

कुणीतरी हसलं.

"मग त्याला मासळीबाजार द्या, मॅम," मी म्हटलं. "दुसरीकडं कुठंही द्या. तिथं झाडेल तो."

"जागा बदलायची तर न्यायाधीशबाईंची सही लागते. त्या आठवड्यातून एकदा बसतात. ही गल्ली त्यानंच मागून घेतली होती ना?"

जुनरेनं मान खाली घातली.

"मग दया करा," नानाय दारातून म्हणाली.

"नानाय, माझ्या आधी या जागेवर एक भला माणूस होता. तो दया करायचा. आता घरी बसून करतो." मॅमचा आवाज कडक होता, पण डोळे टरफलांवरून हलत नव्हते. "मी बाकीचा वॉर्ड फिरून येते. परत येईन तेव्हा ही गल्ली झाडलेली पाहिजे आणि फोटोत याच्या हातात खराटा पाहिजे. नाहीतर मला जे लिहायचं ते लिहावं लागेल, आणि मग गाडी येते."

त्या गेल्या. मांडवात एकदम कालवा उठला. कुणी म्हणालं पाद्रीबाबांना बोलवा, कुणी म्हणालं पेटीच हलवा. पत्त्यांच्या टेबलावरच्या पहारेकऱ्यानं एवढीच मदत केली, की आपली टोपी काढून खिशात घातली, म्हणजे तो कामावर नव्हता.

शेवटी जुनरेलाच सुचलं. पुलापलीकडं त्याचा एक दोस्त राहायचा, तिबोय, तोही ट्रायसिकलवालाच. ना नात्याचा, ना गल्लीतला, ना इथं पाणी प्यालेला. अंगानं दोघं सारखेच. तिबोयला बोलावणं गेलं आणि तो आलाही. नानायनं त्याला नीट विचारून घेतलं, घरी कोण कोण आहे, कुणी आजारी, कुणी पोटुशी?

"झुंजीचा एक कोंबडा आहे," तिबोय म्हणाला. "तोही हरतो. गेला तर सुटलो."

नानायनं मान हलवली. जुनरेनं बंडी काढून तिबोयला घातली, त्याच्या डोक्यावर टोपी घालून ती डोळ्यांवर ओढली, आणि स्वतः माझ्या दुकानात, पोत्यांमागं बसला. मॅम आल्या की बंडीची अदलाबदल करायची, खराटा नुसता हातात धरून फोटो काढायचा. धरणं म्हणजे काही झाडणं नव्हे, हे नानायनंही कबूल केलं.

तिबोय झाडायला लागला आणि मी खिडकीतून रस्त्याच्या टोकाकडं नजर लावून बसले. माझ्या शेजारी रोसवीचा श्वास मला ऐकू येत होता.

"मानांग," ती हळूच म्हणाली, "बाळ सकाळपासून हललं नाही."

"झोपलं असेल. बापावर गेलंय."

"मानांग, खरंच हललं नाही."

मी तिचा हात दाबला.

तिबोय बिचारा प्रामाणिक निघाला. दोस्ताच्या बापासाठी करतोय म्हणून जीव ओतून झाडत होता. टेबलं उचलून, कोपरे काढून, एकाला एक लागून ओळी. आमची गल्ली बांधल्यापासून अशी कधी झाडली गेली नसेल. तो अर्ध्या मांडवापर्यंत आला आणि मॅम ओफेलिया आमच्या मागच्या बाजूनं, चर्चच्या बोळातून चालत आल्या. मोटरसायकल त्यांनी कोपऱ्यावरच सोडली होती.

त्या थेट पुढं गेल्या आणि छत्रीच्या टोकानं तिबोयची टोपी वर केली.

"जुनरे असा झाडत नाही," त्या म्हणाल्या.

तिबोयनं खराटा टाकला आणि दोन्ही हात वर केले, जणू त्याच्यावर बंदूक रोखली होती. जुनरे पोत्यांमागून आपणच बाहेर आला.

"याचा काही दोष नाही, मॅम. मी बोलावला."

मॅम ओफेलिया रागानं लाल झाल्या होत्या. मला वाटतं, त्यांना फसवलं याचाच राग जास्त होता, कारण त्या रागात त्यांचा आवाज फाटला. "तुला कळतं का, जुनरे? चुकवलं असतंस तर नुसती कोठडी होती. आता शहराची फसवणूक झाली. यालाही ओढलंस तू." त्यांनी फोन काढला. कुणाला तरी गल्लीचं नाव सांगितलं, गाडी पाठवा म्हणाल्या, आणि फोन कानावरून काढल्यावर तो हातातच धरून राहिल्या. "चौकीवरून गाडी यायला फार वेळ नाही लागत. ती यायच्या आत तू स्वतः, माझ्यासमोर, उरलेला मांडव झाडलास, तर मी त्यांना परत पाठवते. मी काही बघितलं नाही. याहून जास्त मला जमणार नाही. देवाशप्पथ नाही जमणार."

खराटा मधोमध पडला होता. अर्धा मांडव लख्ख आणि पेटीकडचा अर्धा टरफलांनी भरलेला.

जुनरे वाकला आणि त्यानं खराटा उचलला.

"नको!" रोसवीनं खिडकीच्या जाळीला दोन्ही हातांनी धरलं. "जुनरे, नको! तू जा. जा त्यांच्याबरोबर. मी राहीन एकटी. पण ते नको करू!"

मी जन्मभर त्या माणसाला गाढव म्हणत आले. त्या क्षणी तो जसा उभा होता, ते बघून मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली नाही. त्यानं बायकोकडं बघितलं, मग आत पेटीकडं बघितलं. मग खराटा नीट, भिंतीला टेकवून उभा केला. दोरीवर वाळत घातलेला शर्ट ओढला, अंगात घातला आणि बटणं लावायला लागला. वरचं बटण चुकलं, परत सोडून लावलं.

"मी गाडीत बसतो, मॅम," तो म्हणाला. "तिबोयला सोडा. नानाय, नोनितो आला की त्याला सांग, पुढची बाजू त्यानं धरावी. तातयना दारापुढच्या पायऱ्यांवरनं उतरवताना जपा, डावीकडं एक पायरी सैल आहे."

रोसवी रडत होती. मीही रडत होते. पलीकडच्या रस्त्यावर भोंगा ऐकू आला, अगदी बारीक.

तेव्हा नानाय पासिंग पेटीजवळून उठली.

मयत घरात असताना तिनं उंबरा ओलांडायचा नव्हता. तिनं तो ओलांडला. मांडवात आली, भिंतीचा खराटा घेतला आणि जुनरेच्या पोटाशी नेऊन धरला.

"घे."

"नानाय, तूच म्हणालीस..."

"घे म्हणते ना!"

त्यानं तो धरला, कारण त्याच्या लहानपणी ती ज्या आवाजात मारायच्या आधी बोलायची, तो आवाज होता तो. मग ती त्याच्या आणि खराट्याच्या मधे शिरली, त्याच्या छातीला पाठ लावून, आणि आपले दोन्ही हात त्याच्या हातांवर घट्ट दाबले. तिचं डोकं त्याच्या दुसऱ्या बटणापाशी येत होतं.

"इस्तोय!" ती घराकडं तोंड करून ओरडली. जन्मात तिनं नवऱ्याला इतक्या मोठ्यानं हाक मारली नसेल. "ऐकतोयस ना? झाडतेय ती मी. हे हात माझे आहेत. पोरगा नुसता खालून धरून आहे. त्याच्या घरचं काही मोजायचं नाही. बघ माझ्याकडं. काय उरलंय माझ्यात? ह्या मांडवात सगळ्यात हलकी मी आहे. न्यायचं तर मला ने. त्या पोटातल्या पोराकडं वळून बघायचं नाही, सांगून ठेवते!"

आणि तिनं पहिला हात मारला.

जुनरे रडत होता, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. तो हात सोडवायला बघत होता आणि ती सोडू देत नव्हती. दोघं मिळून वेडेवाकडे झाडत होते. टरफलं इकडं उडत होती, तिकडं उडत होती. पत्तेवाल्यांनी पाय वर घेतले. घराच्या दारापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत, एकही जागा तिनं सोडली नाही. भोंगा जवळ जवळ येत होता, तरी तिनं घाई केली नाही.

शेवटी ढीग झाला. ती बाजूला झाली, धापा टाकत.

"काढा फोटो," ती मॅमना म्हणाली.

मॅम ओफेलियांनी फोन वर केला. पहिला फोटो हलला. दुसरा काढला. मग त्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या, गाडी थांबवली, खिडकीतून काहीतरी बोलल्या. गाडी मागं गेली. मॅम परत मांडवात आल्या नाहीत. तिथूनच त्यांनी छातीवर क्रूस केला आणि छत्री उघडली.

नोनितो आला, आणि दोघा भावांनी पेटी खाली उतरवली. सैल पायरीवर जुनरे होता. मॅम ओफेलिया त्यानंतर कधी पहाटे आल्या नाहीत. जरा उशिरानं यायच्या, तोवर तो झाडून झालेला असायचा. आता तो कोपरे काढून झाडायचा आणि रोज आधी आईच्या खोलीत डोकावून, तिची छाती वरखाली होतेय का बघून मगच खराट्याला हात लावायचा. आम्ही सगळेच बघायचो. नानाय खोकली की अख्खी गल्ली थांबायची. ती मात्र आपली निवांत. काळा झगा धुऊन ठेवला, कोंबड्या नोनितोच्या बायकोला दिल्या, देणंघेणं कुणाशी उरलं नाही म्हणाली.

रोसवी बाळंत झाली. मुलगी. रडली तेव्हा सुईण हसली, कारण आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला. जुनरे शर्ट उलटा घालून धावत आला.

पण नानायनं मुलीला हात लावला नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, लाजतेय. मग लक्षात आलं, की ती रोज येते, दारात उभी राहते, डोळे भरून बघते आणि दोन्ही हात पाठीमागं धरून ठेवते. रोसवीनं पुढं केलं तर एक पाऊल मागं सरते. एक दिवस मी तिला गाठलंच.

"नानाय, काय चाललंय तुमचं? नात आहे ती. विंचू नाही."

"मी शब्द दिलाय, मेर्ली," ती हळू आवाजात म्हणाली. "माझे हात आता तिकडचे. ह्या हातांत पोर असताना तो आला तर? चुकून दोघींना घेऊन जाईल. पुरुषमाणूस. त्याला काही नीट बघून उचलायची सवय नव्हती."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. "अहो, तो माणूस जन्मभर काय करत होता? दर रविवारी हातात टोपी घेऊन दाराबाहेर उभा असायचा. तुमचा झगा बदलून व्हायचा नाही, केस बांधून व्हायचे नाहीत, तिकडं प्रार्थना निम्मी संपायची. एकदा तरी आत येऊन ओढून नेलं तुम्हाला? एकदा तरी हाक मारली? त्याला तुमच्यासाठी थांबायची सवय आहे, नानाय! थांबेल तो!"

आणि तिला बोलायला सवड न देता मी मुलगी रोसवीच्या मांडीवरनं उचलली आणि म्हातारीच्या छातीशी लावली. सोडून दिली असती तर पडली असती, म्हणून तिचे हात पुढं आलेच.

ती कितीतरी वेळ ताठ उभी राहिली, श्वास धरून. मुलगी तिच्या झग्यात तोंड घासत राहिली. मग नानायचे खांदे हळूहळू खाली आले. तिनं मुलीला नीट घेतलं, डोकं कोपरात बसवलं, आणि रिकाम्या दाराकडं बघितलं.

"इस्तोय," ती म्हणाली, "थांब जरा. हात गुंतलेत माझे."